एकशे दहा किलो कोबी आणि एक तटस्थ मत

यंदाचा कोबी आपण घालायचा, असं मी नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी दात घासता घासता ठरवलं. माणसानं दात घासताना काही ठरवू नये. तोंडात फेस असतो, त्यामुळे बायको शेजारी असली तरी तिला विचारता येत नाही. माझी तर शेजारीही नव्हती. चार वर्षं झाली, ती बोलोन्यात आहे.

मी मेतोदी. लोवेचच्या शाळेत एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. सातवीला बल आणि गती. न्यूटनचे तिन्ही नियम मी झोपेत म्हणू शकतो. (दोब्रिन्काच्या मते म्हणतोच. तिसऱ्या नियमाला कूस बदलतो.) दोब्रिन्का म्हणजे माझी बायको. आमच्या गावातल्या निम्म्या बायका जशा गेल्या तशीच तीही इटलीला गेली, एका म्हाताऱ्या सिन्योराची, म्हणजे तिकडच्या बाईसाहेबांची, देखभाल करायला, सहा महिन्यांसाठी. आमच्या गावात सहा महिने मोजायची पद्धत जरा वेगळी आहे.

रोज संध्याकाळी सात वाजता तिचा व्हिडिओ कॉल येतो. सिन्योराला सूप पाजून झालं की तिला वीस मिनिटं मोकळी मिळतात. मी तिला हवामान सांगतो, ती मला सिन्योराचं बद्धकोष्ठ सांगते. मध्यंतरी एकदा मी विचारलं, "जेवलीस का?" तर तिनं मान खालीवर हलवली. आमच्याकडे खालीवर म्हणजे नाही. मी तिच्यावर ओरडलो, जेवायला काय होतं तुला, कुणासाठी उपाशी राहतेस. ती बघतच राहिली. मग कळलं, ती तिकडच्यासारखं 'हो' म्हणत होती. दोघंही हसलो. फोन ठेवल्यावर मात्र माझं हसू कुठल्या कुठे गेलं, आणि मी कितीतरी वेळ त्या काळ्या पडद्याकडे बघत बसलो. जीभ आपली भाषा चार वर्षांत विसरत नाही, मान विसरते.

तर कोबी. नोव्हेंबरात आमच्याकडे कुणी कुणाला 'कसे आहात' विचारत नाही, 'घातला का?' असं विचारतात. अख्खे गड्डे मिठाच्या पाण्यात पिंपभर घालायचे, ते नाताळापर्यंत आंबतात, आणि मग पुढचा सगळा हिवाळा त्या पानांत भात-खिमा गुंडाळून खायचा. ज्या घरात पिंप नाही त्या घरात काहीतरी बिनसलंय असं लोक धरून चालतात. आमचं निळं पिंप चार वर्षं गॅलरीत रिकामं होतं. त्यात मी शाळेतल्या मुलांच्या जुन्या वह्या ठेवायचो.

दोब्रिन्काला तिकडचा कोबी आवडत नाही. "दिसतो कोबीसारखा, बाकी काही नाही," असं ती दर नाताळला म्हणते. मग माझ्या डोक्यात शास्त्र शिरलं. दोन वस्तूंमधलं आकर्षण अंतर वाढलं की कमी होतं, नुसतं कमी नाही, वर्गाच्या प्रमाणात कमी होतं. बोलोन्या आणि लोवेचमधलं अंतर काही माझ्या हातात नव्हतं. पण आकर्षण वाढवायचा दुसराही मार्ग पुस्तकात दिलेला आहे. वस्तुमान वाढवा. माझं स्वतःचं चौऱ्याहत्तर किलो गेल्या चार वर्षांत पुरेसं ठरलेलं नव्हतं. त्यात पाण्यासकट एकशे दहा किलो कोबी टाकून बघायला काय हरकत होती?

बाजारात ट्रकवरून गड्डे आणले. दोब्रिन्का करायची तसं प्रत्येकाचं देठ कोरून त्या खळग्यात मीठ भरलं. मुळ्यासारखं ते तिखट मूळ घातलं, एक बिहीचं फळ घातलं, मूठभर मका घातला. वर मीठपाणी ओतलं, नदीतला एक गुळगुळीत दगड ठेवला आणि झाकण लावलं. संध्याकाळी पाचला पिंप काठोकाठ भरलं होतं आणि मी स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहून स्वतःवर खूष होतो.

तेवढ्यात गेंचोकाका आले. गेंचोकाका बस डेपोतले निवृत्त मेकॅनिक, आमच्या इमारतीचे व्यवस्थापक. एकोणीस वर्षं तेच आहेत, कारण निवडणुकीच्या दिवशी बाकी सगळे आजारी पडतात. त्यांनी पिंपाभोवती एक फेरी मारली.

"मास्तर, बेत उत्तम आहे. पण हे इथेच ठेवणार?"

"नाही. कोबीला थंडावा लागतो. खाली तळघरात ठेवणार."

"बरं. आणि तू तिसऱ्या मजल्यावर राहतोस."

"हो."

"आणि लिफ्ट नाही."

मी पिंपाकडे बघितलं. सगळं गाव आधी रिकामं पिंप तळघरात नेतं आणि मग तिथे भरतं. हे कुठल्या पाककृतीत लिहिलेलं नसतं, कारण हे सांगावं लागेल असं कुठल्याही बाईच्या मनातच येत नाही.

"बादल्यांनी रिकामं कर, खाली नेऊन परत भर," काका म्हणाले.

"काका, मी भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे."

"म्हणूनच बादल्या म्हणतोय," ते म्हणाले आणि गेले.

पण लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणून एकतीस वर्षं पगार घेतलेला माणूस बादल्या वाहत नसतो. शनिवारी शास्त्रशुद्ध पद्धतीनं खाली न्यायचं ठरवून मी पिंप तसंच ठेवलं. स्वयंपाकघर उबदार होतं. मंगळवारी पिंप बुडबुडायला लागलं. बुधवारी त्याच्या वासानं मला पहाटे जाग आली. खरं सांगायचं तर मला ते बरं वाटलं. घरात दुसरं कुणीतरी श्वास घेतंय असं वाटायचं.

गुरुवारी सात वाजता मी फोन पिंपावर धरला.

"वास येतोय?"

"फोनला वास येत नसतो, मेतो."

"फेस तरी बघ."

तिनं बघितलं. बराच वेळ बघितलं. "आईच्या तळघरात असाच यायचा," ती म्हणाली. मग म्हणाली, "पिंप स्वयंपाकघरात का आहे?"

"तात्पुरतं आहे."

"हं." तिनं मागचं दार लोटलं. "सिन्योराला महिनाअखेरीस वृद्धाश्रमात नेतायत."

मी फोन पिंपावरून काढून तोंडासमोर धरला. "मग?"

"मग तिच्या नणंदेला बाई हवीय. इथेच, तिसऱ्या गल्लीत. रविवारपर्यंत कळवायचंय. काय सांगू?"

आता बघा. पहिला नियम काय सांगतो? बाहेरून बल लावल्याशिवाय वस्तू आपली स्थिती बदलत नाही. थांबलेली थांबलेलीच राहते, निघालेली निघालेल्याच दिशेनं जात राहते. मी हे फळ्यावर इतक्या वेळा लिहिलंय की फळ्यालाही पाठ असेल. आणि इथे माझी बायको मला चक्क बल लावायची जागा दाखवत होती. शब्द एकाच अक्षराचा होता. ये.

"तुला योग्य वाटेल ते सांग," मी म्हणालो.

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? माझं छान चाललंय. कोबीसुद्धा घातलाय."

"हो ना," ती म्हणाली. "छानच चाललंय तुझं."

फोन बंद झाल्यावर मी पिंपाशेजारी स्टुलावर बसलो आणि 'ये' असं मोठ्यानं म्हणून बघितलं. अगदी स्पष्ट आला उच्चार. चारदा म्हटलं. कुणी नसलं की मला सगळं येतं. माझे वडीलही तसेच होते. आईला ते स्टेशनवर न्यायला जायचे आणि म्हणायचे, इकडूनच चाललो होतो. आमच्या घराण्यात पुरुषानं बायकोला 'तुझ्यावाचून राहवत नाही' असं म्हटल्याची नोंद नाही.

म्हणून सगळी भिस्त कोबीवर. शनिवारी सकाळी दहाला सिन्योराकडे केस धुवायला बाई येते, तेव्हा दोब्रिन्का मोकळी असते. मी तिला कॉल लावला आणि फोन कोटाच्या वरच्या खिशात असा बसवला की कॅमेरा बाहेर बघेल. पिंप तळघरात कसं दिमाखात उतरतं ते तिनं डोळ्यांनी बघावं आणि रविवारच्या आत विरघळावं, अशी योजना होती.

"मेतो, हे काय चाललंय? मला फक्त कठडा दिसतोय," खिशातून आवाज आला.

"बघत राहा," मी म्हणालो.

जिन्यावर गेंचोकाकांच्या फळ्या टाकल्या होत्या. झाली उतरण. पिंप आडवं करून फळ्यांवर ठेवलं. दोर पिंपाला बांधून कठड्याच्या खांबाला दोन वेढे दिले, म्हणजे वेढ्यांच्या घर्षणानं पिंप हळूहळू उतरेल. आणि दोराचं दुसरं टोक माझ्या कमरेला.

"ते कमरेचं सोड," काका म्हणाले.

"काका, कुठेतरी एक स्थिर वस्तुमान लागतंच."

"तू स्थिर आहेस हे अख्ख्या इमारतीला माहीत आहे. तरी सोड."

मी सोडलं नाही. पहिला अर्धा जिना इतका सुरेख पार पडला की मी खिशाकडे तोंड करून घर्षणावर चार शब्द बोललो. खालच्या वळणावर पिंप फिरवलं, दोर खालच्या खांबावर घेतला, फळ्या पुढच्या पायऱ्यांवर टाकल्या, आणि बोलणं चालूच ठेवलं. म्हणालो, घर्षण असतं तेव्हा आपल्याला त्याची कटकट वाटते. सारखं अडवतं, सारखं मागे ओढतं. पण ते नसेल तर माणसाला एक पाऊल धड टाकता येणार नाही.

"हे तू मला सांगतोयस की कोबीला?" खिसा म्हणाला.

हे असं बोलत असताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. पिंपाचं झाकण पिंप उभं असताना घट्ट बसतं. आडवं केल्यावर बसत नाही. हे सातवीच्या पुस्तकात नाही, आठवीच्याही नाही. माझं व्याख्यान संपेपर्यंत दोन लिटर आंबट पाणी फळ्यांवरून, दोरावरून आणि खांबावरून छानपैकी पाझरलं होतं. ज्या घर्षणाचे मी गोडवे गात होतो ते केव्हाच निघून गेलं होतं.

मी दोर जरासा सैल केला, आणि पिंप निघालं.

मी चौऱ्याहत्तर किलो, पिंप एकशे दहा. एकाच दोराला दोन टोकांना दोन वस्तुमानं, तर हलकं कुठल्या दिशेला जाईल? हे उदाहरण मी दरवर्षी परीक्षेत घालतो. निम्मी मुलं चुकतात. मी त्यांना नापास करत आलोय. त्या सर्वांची मी इथे माफी मागतो.

खांबाला जेमतेम एक हिसका बसला आणि मी पालथा होऊन फळ्यांवरून पिंपामागे निघालो. खालच्या मजल्यावर जिन्यासमोर स्तोयनाकाकूंचं दार. ते बंद असतं तर पिंप त्याच्यावर आपटून थांबलं असतं. पण जिन्यात एवढा कसला गोंधळ म्हणून स्तोयनाकाकूंनी नेमकं तेव्हाच दार उघडलं. बाई बहात्तर वर्षांची, पण हातात डाव घेऊन अशा चपळाईनं बाजूला झाली की बघत राहावं. पिंप आत गेलं. मागोमाग मी आत गेलो. बोळातल्या गुळगुळीत लिनोलियमवर आम्हा दोघांनाही अडवणारं काही नव्हतं. बोळ जिथे संपतो तिथे काकूंचं बरण्यांचं कपाट.

कपाटात त्रेचाळीस बरण्या होत्या. भाजलेल्या लाल मिरच्या आणि टोमॅटोची चटणी, ऑगस्टात तीन दिवस अंगणात चुलीपाशी उभं राहून घोटलेली. काकूंचा अख्खा हिवाळा. सगळीकडे शांत झालं तेव्हा मी त्या हिवाळ्यात डोक्यापासून गुडघ्यापर्यंत होतो आणि खिशातला फोन घरंगळून माझ्या तोंडासमोर पडला होता, माझ्याकडेच बघत.

"मेतो!"

मी चार वर्षांत हा आवाज ऐकला नव्हता. संध्याकाळी सातचा आवाज वेगळा असतो. तो सूप पाजून दमलेला असतो, हवामान ऐकणारा असतो. हा निराळा होता. "मेतो, बोल ना रे. डोळे उघड. काकू, कुणीतरी बघा हो, रक्त आहे सगळं. मेतो, माझ्या राजा, बोल काहीतरी."

मला काहीही झालं नव्हतं. गुडघा खरचटला होता, बस. पण 'माझ्या राजा' हे तिनं याआधी म्हटलं होतं ते लग्नाच्या वर्षी. मी म्हटलं आणखी दोन सेकंद डोळे मिटून पडून राहावं. (गेंचोकाका म्हणतात चांगलं मिनिटभर पडला होतास. असेल.)

स्तोयनाकाकू वाकल्या, माझ्या कपाळावरून बोट फिरवलं आणि चाखलं.

"मिरची आहे गं, दोब्रिन्का. रक्त नाही. मीठ मात्र कमी पडलंय मेलं यंदा."

फोनमधून आवाज आला, "जिवंत आहे?"

"आहे की."

"मग बोलत का नाही?"

मी डोळे उघडले. खोटं बोलायला सुचलं नाही. "ऐकत होतो," मी म्हणालो.

तिनं फोन बंद केला. नंतर मी तीनदा लावला, उचलला नाही. झाकण वाटेतच उडाल्यामुळे कोबीचे गड्डे जिन्यावरून थेट फाटकापर्यंत गेले होते आणि काकांनी ते पायानं एका बाजूला लोटून 'खल्लास' एवढंच म्हटलं. उद्या रविवार होता. माझं एकशे दहा किलोचं आकर्षण संपलं होतं, आणि नणंदबाई तिसऱ्या गल्लीत वाट बघत होत्या.

संध्याकाळी सहाला गेंचोकाकांनी तातडीची सर्वसाधारण सभा बोलावली. आमच्या इमारतीची सभा जिन्यातच होते, प्रत्येक जण आपापल्या पायरीवर बसतो. नऊ घरांची नऊ मतं. जिना आंबट वास मारत होता आणि चपला पायरीला चिकटत होत्या. पहिला ठराव, मास्तरांनी जिना तीनदा धुवावा. मंजूर. दुसरा ठराव, मास्तरांनी काकूंचं कपाट दुरुस्त करावं. काकू म्हणाल्या, "नको, त्याला हातोडी देऊ नका, सुतार बोलवा." दुरुस्तीसह मंजूर.

मग काकू उठल्या. मला वाटलं आता बरण्यांचं निघणार.

"मी याच्यावर रागावलेली नाही," त्या म्हणाल्या. "बाई घरात नसली की माणूस असाच कुठेतरी घसरतो. आज माझ्या कपाटावर आला, उद्या गॅस उघडा ठेवेल. माझा ठराव असा आहे, की दोब्रिन्काला या इमारतीनं परत बोलवावं."

लोक हसले, पण हसून झाल्यावर कुणी विषय सोडला नाही. गेंचोकाकांनी चष्मा लावला, इतिवृत्ताचं पुस्तक गुडघ्यावर घेतलं आणि ठराव क्रमांक तीन लिहिला.

"बाजूनं?"

आठ हात वर गेले. स्तोयनाकाकूंनी डाव वर केला.

"विरोधात?"

कुणी नाही.

"तटस्थ?"

आणि मी हात वर केला.

का केला, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. शाळेच्या शिक्षकसभेत असा दंडक आहे, ज्याचा त्या विषयात स्वतःचा फायदा आहे त्यानं मत देऊ नये. मला वाटतं मी तोच पाळला. शिवाय आठ घरांसमोर बायकोसाठी हात वर करायचा म्हणजे, समजून घ्या, हात फार जड झाला होता. सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. गेंचोकाकांनी 'तटस्थ एक' लिहिलं, शिक्का मारला आणि पान फाटकाच्या दारावर चिकटवलं. स्तोयनाकाकूंनी त्याचा फोटो काढला आणि कुणाला पाठवायचा ते मला विचारलं नाही.

आठ वाजता फोन आला.

"ठराव वाचला," दोब्रिन्का म्हणाली.

"हो का."

"बाजूनं आठ."

"हो."

"विरोधात कुणी नाही."

"नाही."

"तटस्थ एक. कोण रे तो?"

खिडकीबाहेर कुणीतरी कार्पेट झटकत होतं. मी ते संपायची वाट बघितली. "मी," मी म्हणालो.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण तिनं अगदी शांतपणे विचारलं, "तू मास्तर आहेस. तटस्थ वस्तू म्हणजे कशी असते ते सांग मला."

"जिच्यावर एकूण बल शून्य आहे, अशी."

"म्हणजे ती हलत नाही."

"हलत नाही."

"मग मीच का हलू रे, मेतो?" ती म्हणाली. "चार वर्षं मी दर संध्याकाळी फोन करते. तू एकदा तरी म्हणालास, ये म्हणून? सिन्योराची पोरगीसुद्धा म्हणते, जाऊ नकोस. एक परकी बाई म्हणते."

तिनं फोन ठेवला. मी लावला नाही, कारण लावून काय बोलायचं ते मला माहीत होतं आणि बोलता येणार नाही हेही माहीत होतं. पण हात वर करून जे बिघडवलं ते हात खाली घेऊन सुधारता येईल एवढं मात्र मला कळलं.

रविवारी सकाळी सातला मी पायजम्यावरच गेंचोकाकांचं दार वाजवलं.

"काका, माझं मत बदलायचंय."

"सभा संपली. इतिवृत्त बंद."

"काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग आत जाऊन पुस्तक आणि शिक्का आणला. "दुरुस्ती करता येते. कारण लिहावं लागतं."

मी लिहिलं: 'सदर सभासदावर विरुद्ध दिशांची दोन बलं एकाच वेळी कार्यरत असल्यामुळे'. काकांनी वाचलं आणि खोडलं. मी लिहिलं: 'दीर्घकालीन अंतरामुळे उद्भवलेल्या परिस्थितीत'. तेही खोडलं.

"मास्तर, हे पान दारावर लागणार. पोस्टमननं वाचलं तरी कळलं पाहिजे. साधं लिही."

"साधं मला येत नाही, काका."

काका थोडा वेळ शिक्क्याच्या शाईशी खेळत बसले. आठ वर्षांपूर्वी त्यांची बायको वारली. "माझ्या वेळी हे ठरावाबिरावाचं नव्हतं," ते म्हणाले. "असतं तर मी पाठपोट पान भरून लिहिलं असतं. लिही गुमान."

मी लिहिलं: 'मेतोदी, तिसरा मजला. मत बाजूनं. कारण: बायकोशिवाय करमत नाही.' काकांनी शिक्का मारला, एकदा नाही, तीनदा मारला, आणि आम्ही दोघं जाऊन ते फाटकावर लावून आलो. तिथून वर येईपर्यंत माझे कान तापले होते. स्तोयनाकाकूंनी गाऊनवरच खाली जाऊन फोटो काढला.

मी दहा वाजेपर्यंत फोनसमोर बसलो. अकरापर्यंत बसलो. साडेअकराला मेसेज आला. 'नणंदबाईंना नकार कळवलाय. महिनाअखेरीस निघते.' खाली आणखी एक ओळ होती. 'जिना धू.'

जिना मी पाच वेळा धुतला.

बोलोन्याहून येणारी बस आमच्या स्टँडवर शनिवारी दुपारी लागते. मी अकरापासूनच तिथे होतो. इकडूनच चाललो होतो असं म्हणायचं नाही, एवढं मी पक्कं ठरवलं होतं. वाक्य तयार होतं, पाठ होतं, कालपासून मोठ्यानं म्हणून झालं होतं. बस आली. सगळ्या बायकाच, आमच्या आसपासच्या गावांतल्या, वर्षावर्षानं परतणाऱ्या. पहिलीच्या मागे दोब्रिन्का उतरली. केस आखूड केले होते. फोनवर ते कधी कळलं नव्हतं. ती फोनवर दिसते त्यापेक्षा छोटी होती आणि समोर उभी होती.

"दोब्रिन्का," मी म्हणालो, आणि आवाज नको तेवढा मोठा आला, "मला तुझ्याशिवाय करमत नाही."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "दारावरचं वाचलं. मीच कशाला, काकूंनी तो फोटो प्लेव्हेनच्या बहिणीला पाठवला, बहिणीनं रिमिनीला, तिथून तो या बसमध्ये आला. सर्बियाची हद्द येईपर्यंत माझ्या शेजारणीलाही तो मजकूर पाठ झाला होता."

मी वर बघितलं. बसच्या प्रत्येक खिडकीत एक बाई होती.

"हाच का गं तुझा तटस्थ?" एकीनं विचारलं.

"हाच," दोब्रिन्का म्हणाली.

"बरा दिसतोय की. मग बॅग तरी उचल म्हणावं."

डिकी उघडी होती आणि तिची बॅग तळाशी, इतर दहा बॅगांखाली दबलेली. डिकीचं दार सारखं खाली येत होतं. मी दोन्ही हातांनी बॅगेची मूठ धरली आणि ओढली. हलली नाही. पाय रोवून ओढली. खिडक्यांतून बायका एक-दोन-तीन म्हणायला लागल्या. बॅग ढिम्म.

"त्याचं काय आहे," मी धापा टाकत म्हणालो, "थांबलेल्या वस्तूचं घर्षण सुरुवातीला जास्त असतं. एकदा का ती जरा हलली, की मग पुढे फार कमी बल लागतं, म्हणून पहिला जोर..."

"मेतो."

"काय?"

दोब्रिन्कानं बाह्या सरसावल्या, मला हलकेच बाजूला सारलं आणि एका झटक्यात बॅग बाहेर ओढली.

"तू नुसतं दार धर," ती म्हणाली.